चिंचेखालची हिरवी भिंत

...अन् म्हणते कशी, बायको माही, कोकिळा, "सावली पाहिजे ना तुमाले? मंग घासा." आता तुमीच सांगा, चिंच काय म्या लावली? सारं आर्णी गाव उन्हाळ्यात भाजून राह्यते, अन् आमच्या घरावर चिंचेची अशी दाट सावली का भर दुपारी बी पांघरूण घ्यावं वाटते... पण ऊन नाई म्हणून भिंत वाळत नाई, अन् भिंत वाळत नाई म्हणून शेवाळ. दिवाळीले चुना मारा, पोळ्यापर्यंत भिंत पोपटासारखी हिरवी. स्लॅबचं तं इचारूच नका.

यंदा कारण मोठं होतं. आमच्या समीक्षाले पाहाले मुकुटबनचे पाहुणे येणार, रविवारी अकरा वाजता. म्या म्हटलं, पाहुणे पोरीले पाहातीन का भिंतीले? कोकिळा म्हणे, आधी भिंतच दिसते, पोरगी मंग चहा घेऊन येते. अन् वरून तेच, सावली पाहिजे ना, मंग घासा.

तुमाले सांगतो, रविवारी सकाळी भिंत घासून झाली, लुंगी खोचून तारेचा ब्रश घेऊन स्लॅबवर चढलो, घासून राह्यलो, घासून राह्यलो, अन् पाय जो सटकला... बसल्या बसल्या घसरत थेट काठावर. फांदी हाती लागली म्हणून वाचलो. पाय खाली लोंबकळून राह्यले, लुंगी हिरवीगार, अन् तेवढ्यात फाटकात पाहुण्यायची जीप. दहालेच! त्यायनं आधी काय पाहिलं असंन? भिंत नाई, पोरगी नाई, माह्ये पाय.

मले वाटलं, सोयरिक मोडली. माह्यापायी पोरीचं नुकसान झालं, तिच्याकडं पाहावेना. पण मुलाचे वडील, विठ्ठलराव, पांढऱ्याशुभ्र कपड्यात, जोडे काढून सरळ शिडीवर. मले वर ओढलं अन् हळूच म्हणे, "असं कोरडं नाई घासत भाऊ. ब्लीचिंग पावडर टाका, अर्धा घंटा भिजू द्या." त्यायच्या घरावर आंब्याची सावली, त्यायले बी घरून तेच ऐकाले भेटते, सावली पाहिजे ना, मंग घासा. मंग काय... भिजवलं, दोघायनं मिळून घासलं, गप्पा सरता सरेनात.

खाली उतरलो तं पोहे संपले होते. समीक्षा अन् त्यायचा पोरगा रजत अंगणात बोलत बसले, दोघायचा होकार झाला, बायकायनं तारीख बी काढली. आमाले कोणी इचारलंच नाई.

निघताना विठ्ठलरावायनं माहा हात धरला. मले वाटलं, आता सोयरे झालो, इवाई म्हणून दोन गोड शब्द बोलतीन. ते म्हणे, "येत्या रविवारी मुकुटबनले या. आमचं छत तुमच्या दुप्पट हाये."