पोहे बाहेरच द्या

तुम्हाला सांगतो, नवी गाडी घेऊन दोस्ताच्या गावाला चुकूनही जाऊ नका! फिरायला निघालो होतो, वाटेत पिशोरला भाऊसाहेबाकडं थांबलो. कॉलेजचा जिगरी दोस्त. पाणी देतानाच म्हणाला, "बरं झालं आलास. पुतण्याला पोरगी बघायला वैजापूरला चाललोय. तुझ्या गाडीनं जाऊ, जरा वजन पडंल."

गेलो. गाडी मीच चालवली. तिथं चप्पल काढून आत शिरणार, तर पोरीच्या बापानं विचारलं, "हे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊसाहेब म्हणाला, "गाडी आमची, हा ड्रायव्हर. त्याचे पोहे बाहेरच द्या."

परवा फोन आला, लग्न जमलं. वाटलं, आता तरी माफी मागंल. तर म्हणतो, "गाडी धुऊन आण, नवरदेव तिच्यातच बसणार. फक्त आमच्या पंगतीत जेवायला बसू नको, व्याही ओळखतील!"