मीमाच्या स्वेटरातल्या घट्ट ओळी

नाही, दार मीच लावलंय – मुद्दाम लावलंय. बसा. ते स्टूल घ्या, पण त्या मोठ्या किटलीपासून जरा लांब, उकळतेय ती. दोनच मिनिटं, मग जा तुमची कार्डं लिहायला. काय म्हणालात तुम्ही बाहेर, मीमाचा तो ताऱ्यांचा स्वेटर उलटा करून – ‘यात दोन हात दिसतायत’? असंच म्हणालात ना? आणि म्हणताना सरळ माझ्याकडे बघितलंत. बोटं चांगली आहेत हो तुमची, मानलं. तीन वर्षांत तीन परीक्षक येऊन गेले आमच्या विणकामाच्या मेळाव्याला, एक तर खास लर्विकहून मागवलेली – एकीलाही कळलं नाही, आणि तुम्ही आतून अंगठा फिरवलात काय, झालं. पण जरा हळू बोलायचंत. मीमा तिथे दहा पावलांवर बसलीय सूपचा वाडगा घेऊन, आणि तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. – हे बघा, डोळ्यांचं मी बोलणार नव्हते. ते विसरा. विसरणार नाही तुम्ही, मी तरी कुठे विसरले असते.

बरं, मग सगळंच ऐका, अर्धवट ऐकून बाहेर जाण्यापेक्षा. तिला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुमच्याशी बोलताना ती तुमच्या कानाकडे बघते, नव्या लोकांना वाटतं काय शिष्ट बाई आहे – तशी ती आहेच थोडी, पण ते वेगळं. विणताना तिला डोळे कधी लागलेच नाहीत. कमरेला तो चामड्याचा पट्टा, त्यात सुई खोचलेली, तोंडाने गप्पा चालू आणि हात आपले पळतायत. एकही टाका गळायचा नाही. अजूनही गळत नाही. पण रंग? गडद लोकरीचा गुंडा डाव्या खिशात, फिकट उजव्या खिशात, इथपर्यंत ठीक. गडदातला निळा कुठला आणि काळपट तपकिरी कुठला, हे बोटाला कसं कळणार? लोकरीला रंगाचा वास नसतो. निळा तारा अर्ध्यावर जाऊन तपकिरी व्हायला लागला. एका ताऱ्याचा एक पायच तपकिरी – मी शेजारीच बसले होते, बुधवारी, माझ्या हातातली सुई थांबली.

आम्ही नऊ जणी विणायला बसतो बुधवारी. नवांनाही – म्हणजे ती सोडून आठांना – दिसला तो पाय. कुणीही तोंड उघडलं नाही. आयनासुद्धा नाही, आणि आयनाचं तोंड तुम्ही मघाशी ऐकलंतच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याचकडे का? कारण लोकरीची टोकं आत दडवायला मीमा आपलं विणकाम माझ्याकडे देते, शिवायच्या सुईत तिला ओवता येत नाही ना. दर बुधवारी पिशवी माझ्याकडे, दर गुरुवारी दुपारी परत तिच्याकडे. मधे गुरुवारची एक सकाळ. त्या सकाळी मी उसवते. चुकलेल्या ओळीपर्यंत उसवते, आणि पुन्हा विणत तिने जिथे सोडलं होतं तिथे नेऊन ठेवते, अगदी त्याच टाक्यावर, कारण ती मोजते. एका ओळीत तीनशे वीस टाके. कधी चार ओळी, कधी नऊ. एका आठवड्यात तर एकवीस, तेव्हा मी सर्दीचं निमित्त काढून पिशवी शनिवारपर्यंत ठेवली. तिचा हात सैल, माझा घट्ट. मी सैल विणायचा प्रयत्न करते, पण घाबरलेल्या माणसाचा हात कसा सैल पडणार, सांगा.

कोण आहे? – आयना, दूध फ्रीजमध्ये नाहीये, गाडीत आहे, तुझ्या गाडीत. हो. नाही, परीक्षकबाईंना चहा देतेय. जा. – गेली. बसा हो तुम्ही, उठताय कशाला. मला माहीत आहे वेळ होत आलीय. दोन वाजता दार उघडणार आणि त्याआधी प्रत्येक वस्तूवर कार्ड लागलं पाहिजे, माहीत आहे मला, सतरा वर्षं मीच टाचण्या लावतेय. आणि नियमही माहीत आहे – स्वतःच्या हातचं काम. मीच फळ्यावर लिहिलाय तो. तुम्ही आता कार्डावर काय लिहिणार? ‘बाद’? आणि आयना ते मोठ्याने वाचणार, कारण मीमासाठी सगळी कार्डं कुणीतरी मोठ्याने वाचतंच.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारीचं मन राखायला करते बिचारी. नका तसं बघू माझ्याकडे. मीमाला मन राखून घेणं सोसत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ॲबर्डीनची पोर, मला सुई धरता येत नव्हती. आठ दिवस खपून एक हातमोजा केला आणि बुधवारी घेऊन गेले. सगळ्या ‘छान, छान’ म्हणाल्या. मीमाने हातात घेतला, आत बोटं घातली आणि सगळ्यांसमोर सरसर उसवून टाकला. वर म्हणाली, ‘या बायका तुला छान म्हणतायत कारण तू उद्या इथून जाशील असं त्यांना वाटतंय. मला वाटतंय तू राहशील. बस इथे.’ आणि शेजारची खुर्ची ओढली. अडतीस वर्षं मी त्या खुर्चीत बसतेय. या बेटावर माझी जागा कोणती असं विचाराल तर तेवढीच. नवरा गेला, मुलगी न्यूझीलंडला, नाताळला फोन करते. बाकी बुधवार.

आणि तिने मला बजावलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येताना, फेरीबोटीत, ती म्हणाली, ‘एफी, रंग चुकायला लागले की मला सांगायचं. त्या दिवशी मी पट्टा खुंटीला टांगीन, विणणं बंद. पण सांगायचं तू. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुझं तोंड बघणार नाही.’ मी म्हटलं, सांगीन. हात हातात घेऊन म्हटलं. आणि तो तपकिरी पाय दिसला तेव्हा मी काय केलं? म्हटलं, ‘झकास चाललंय, मीमा.’ कारण तिने पट्टा टांगला की ती बुधवारी यायची नाही. नुसती बसून गप्पा मारणारी बाई नाही ती. आणि ती नाही आली की मी कुणाशेजारी बसू? आयनाशेजारी? – मी तिच्यासाठी नाही केलं हो. माझ्यासाठी केलं. बोलून टाकलं, आता तुम्हाला काय समजायचं ते समजा.

आणखी वाईट सांगू? गेल्या वर्षी तिचा पहिला नंबर आला. माझा दुसरा. परीक्षकाने लिहिलं होतं, ‘ताऱ्यांची रांग अत्यंत सफाईदार’. ती रांग माझी होती! माझ्याच ओळींनी मला हरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि घरी जाऊन मला इतका राग आला मीमाचा – तिचा, जिला काहीच ठाऊक नाही – की पुढच्या गुरुवारी सकाळभर मी पिशवीला हातच लावला नाही. चुका तशाच ठेवल्या. म्हटलं, बघू दे सगळ्यांना एकदा. मग दुपारी पिशवी परत द्यायच्या तासभर आधी लाज वाटली आणि उभ्या उभ्या उसवायला घेतलं. उशीर झाला तर ती म्हणाली, ‘आज तुझा श्वास का फुललाय गं?’

तर आता माझं एक ऐका. कार्ड कोरं ठेवा. किंवा लिहा, गळा बेढब झालाय, बाह्या आखूड झाल्यात, काहीही लिहा, ती दिवसभर चिडेल आणि संध्याकाळी हसेल. ‘दोन हात’ एवढं लिहू नका. मी सांगीन तिला. आज नाही. पण सांगीन. तुम्ही मान हलवताय. नाही म्हणताय का? मघापासून काहीतरी सांगायचंय तुम्हाला, दिसतंय मला, पण मी – काय आहे हे? फॉर्म? कुणाचा, मीमाचा? हा तिने मला भरू दिला नव्हता. म्हणाली, ‘मी पाकीट चिकटवून स्वतः टपालात टाकणार, एवढी काही म्हातारी झाले नाही.’ अक्षर बघा, एक ओळ दुसरीवर चढलीय. चष्मा कुठे गेला माझा. गट – हे काय खोडलंय? ‘एकटीचं काम’ खोडलंय. वर हाताने लिहिलंय, ‘दोघींचं काम’. विणणार – जेमायमा हॅलक्रो, म्हणजे मीमाच. आणि एफी इंकस्टर.

तुम्हाला मला हेच विचारायचं होतं? एफी मीच का, एवढंच? अरे देवा. आणि मी तुम्हाला दाराला कडी घालून – थांबा, खाली काहीतरी लिहिलंय. ‘सैल ओळी माझ्या, घट्ट तिच्या. तिला म्हणावं, हात जरा सैल सोड.’

मे महिन्याची तारीख आहे. मे महिन्यापासून ठाऊक आहे? नाही. पहिल्या गुरुवारपासून ठाऊक असणार. जी बाई अडतीस वर्षांपूर्वी हातमोज्यात बोट घालून माझी चूक सांगते, तिला स्वतःच्याच स्वेटरात माझा हात कळणार नाही? आणि मी चोरासारखी, टाके मोजून – आणि दर आठवड्याला ती साळसूदपणे विचारायची, ‘टोकं नीट दडवलीस ना?’ मला राग येतोय, बाई. खरंच राग येतोय. गंमत बघत बसली होती माझी? नाही – गंमत नाही. ती म्हणाली होती, रंग चुकायला लागले की पट्टा टांगीन. म्हणजे रंग चुकलेत हे तिला कळलं, आणि तिने टांगला नाही. तीन वर्षं टांगला नाही. बुधवारी येऊन बसली, माझ्याशेजारी. म्हणजे तिलाही –

जा तुम्ही आता. कार्डावर काय वाटेल ते लिहा. कडी वर सरकवा, अडकते जरा. मला काही नाही झालं. जा म्हटलं ना.