अमृतचं नख आणि वीस हजारांचा पडदा

काचेचे वीस हजार! लॅपटॉपचे नव्हेत हं, लॅपटॉपचे वेगळे, ते तर द्यायचेच, त्याबद्दल आमच्या अमृतचं काही म्हणणं नव्हतं... पण तोच लॅपटॉप, तीच कंपनी, तीच बटणं, तोच वायरीचा गुंता, आणि नुसता पडदा भारीतला म्हणून वर आणखी वीस हजार? तुम्हाला सांगतो, वीस हजारांत विहिरीवरची मोटर नवी येते, आणि मोटर निदान पाणी तरी देते. पडदा काय देतो? बघायला देतो. आणि बघायचंच म्हणाल, तर त्यावर अमृतचं ठरलेलं पालुपद होतं, "दिसायला दोन्हीत दिसतंच की!" सकाळी दात घासताना तेच, जेवताना तेच, शेवटी त्याची बायको हिरकणी म्हणाली, अहो, मग डोळे तरी दोन कशाला, दिसायला एकानेही दिसतंच की. त्यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे, तोंडात भाकरी होती म्हणून.

आता हा अमृत म्हणजे आमचा मसोलीचा शेजारी, आमची त्याची वाडी कुंपणाला कुंपण लागून. चिकूवाला माणूस. आणि चिकूवाल्याचा डोळ्यांवर विश्वास नसतो, हे आधी ध्यानात घ्या. आंबा कसा, रंग बदलून सांगतो, केळं पिवळं पडतं, पण चिकू? महालबाड फळ! कच्चा असो की तयार, वरून एकजात मातकट. मग करायचं काय? अंगठ्याच्या नखाने साल इतकीशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं, राहू दे झाडावर. पिवळसर दिसलं, की अमृत म्हणणार, "तयार आहे, उतरवा." झालं! त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख त्याने त्यासाठीच राखलेलं, आणि तो अंगठा त्याला विचारून हलतच नाही हो. हिरकणीने नवा स्टीलचा डबा आणला, मारलं नख. चुलतभावाच्या व्याह्यांच्या घरी नवीन फर्निचर, मारलं नख, खाली प्लायवूड निघालं, सोयरीक तुटता तुटता राहिली.

हां, तर लॅपटॉप. लॅपटॉप हवा होता त्याच्या मयूरीला. पोरगी लग्नाचे अल्बम बनवते, म्हणजे फोटो काढतो तलासरीचा दिपक, आणि घरी बसून ते फोटो सजवून, रंग नीट करून, पानं लावून अल्बम तयार करते ही. काम सोन्यासारखं. पण लॅपटॉप जुना, आणि त्याचा पडदा झाला निळसर. इतका हळूहळू निळसर, की हिला कळलंच नाही! त्यात आलं अच्छाडच्या एका ढाबेवाल्याच्या मुलाचं लग्न. हिला नवरदेव निळा दिसला, हिने थोडा पिवळा रंग टाकला. अजून निळा दिसला, अजून टाकला. तिच्या पडद्यावर नवरदेव छान गोरापान झाला, आणि छापून आला तो... काय सांगू तुम्हाला, हळद लागली ती उतरलीच नाही असा! बरं, ढाबेवाल्याने अल्बम बघायच्या आधीच एक मोठा फोटो फ्रेम करून गल्ल्यामागे टांगलेला. हायवेवरचा ढाबा! जो ट्रकवाला चहाला थांबेल तो विचारणार, "सेठ, बच्चे को पीलिया हुआ था क्या?"

मग दिपक घरी आला, चहा घेतला, आणि चांगल्या शब्दांत म्हणाला की मयूरीचं काम चांगलंय, पण रंगांचा भरवसा राहिला नाही, पुढच्या लग्नसराईचं काम तो बोरिवलीच्या स्टुडिओत टाकणार. दोन दिवसांनी पोरगी म्हणाली, त्याच स्टुडिओत माणूस हवाय, मी तिकडेच राहायला जाते. आता अमृतला एकुलती एक पोर. तुम्हाला सांगतो, तो कितीही कंजूष असला तरी त्या दिवशी वाडीत जाऊन नुसता बसला, एकाही चिकूला त्याने नख लावलं नाही. पोरगी जाऊ नये असं त्याच्या आतड्याला वाटत होतं, पण ते तोंडाने बोलेल तर तो अमृत कसला? तो म्हणाला, घेऊ लॅपटॉप. घरात आनंदीआनंद! आणि मग मयूरीने सांगितलं की पप्पा, साध्या पडद्याचा घेऊन पुन्हा तेच होईल, रंग खरे दाखवणाराच हवा, त्याला वीस हजार वर पडतील... आणि आपण पुन्हा मोटरीपाशी येऊन थांबलो!

मध्यस्थीला म्हणून अंधेरीच्या भाच्याला फोन लावला, प्रितेशला. कॉम्प्युटरमधला माणूस. हे लोक साधं बोलतच नाहीत का हो? "मामा, पॅनल आयपीएस आहे का बघ, निट्स किती ते बघ, आणि शंभर टक्के एसआरजीबी असल्याशिवाय हातच लावू नको!" अमृतने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि मला म्हणाला, याच्या आईला सांगायला पाहिजे, पोरगा हातचा गेला. पण एवढ्यातलं शेवटचं वाक्य जरी त्याने ऐकलं असतं ना... हातच लावू नको... जाऊ द्या, ते पुढे येतंच आहे.

तर आम्ही गेलो डहाणू रोडला, स्टेशनजवळ, चिमणशेठच्या दुकानात. अमृत, मयूरी, आणि पंच म्हणून मी. चिमणशेठने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. साध्यात काय लावलेलं? आकड्यांचा तक्ता. आणि भारीवाल्यात? मोर! पिसारा फुलवून नाचतोय, पिसापिसातली रेघ दिसतेय, "अमृतभाई, आ जुओ ने, काय कलर आहे, काय कलर आहे!" आता समोर कोण बसलाय? जो स्वतः आयुष्यभर क्रेटच्या वरच्या थरात मोठी फळं लावत आला तो! त्याने शांतपणे सांगितलं, शेठ, मोर इकडे लाव आणि हिशोब तिकडे. लावला. साध्यातही मोर नाचला. "बघ," अमृत मला कोपर मारून म्हणाला, "दिसायला दोन्हीत दिसतंच की!" आणि खरं सांगू? मलाही दिसला.

मग मयूरीने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. तिने काय आणलं होतं सांगा? तोच अच्छाडचा नवरदेव! साध्या पडद्यावर लावला, नवरदेव गोरागोमटा, सुपारी फुटावी असा. भारीवाल्यावर लावला... पिवळा! ढाब्यावर टांगलाय तस्साच! मयूरी म्हणाली, पप्पा, हा पडदा घरात असता तर हे मला आधीच दिसलं असतं. बरोबर आहे की नाही? तुम्हाला पटलं, मला पटलं, चिमणशेठने तर बिलाचं पुस्तक पुढे ओढलं. आणि अमृत? अमृत दोन्ही नवरदेवांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ज्यात चांगला दिसतो तो स्वस्त, आणि ज्यात कावीळ झालेली दिसते त्याचे वीस हजार जास्त?"

आता यावर काय बोलायचं? मला सांगा, तुम्ही काय बोलला असता? चिमणशेठने, तीन पिढ्यांच्या व्यापाऱ्याने, पुढे ओढलेलं बिलाचं पुस्तक परत मागे सरकवलं. मयूरीने पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला, चेन लावली, आणि भांडली नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "राहू दे पप्पा. तुम्ही मोटर घ्या. मी सोमवारी बोरिवलीला जाऊन बोलून येते."

अमृतचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता हो म्हणतोय, म्हणतोय, म्हणतोच आहे... पण माणसाला माघार घ्यायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं. ते चिमणशेठने दिलं. तो घाईघाईने म्हणाला की अमृतभाई, नुसता रंग नाही, या पडद्यावर खास थर दिलाय, खिडकीचा उजेड पडला तरी चमकत नाही, बघा तर खरं, वरची साल म्हणा ना!

साल! चिकूवाल्याला कुणी साल म्हणावं का हो? मी बघत होतो, अमृत बघत होता, मयूरी चप्पल घालत होती, आणि तो अंगठा... कुणालाही न विचारता... उठला. पडद्याच्या बरोब्बर मध्यावर गेला. आणि खर्रर्र.

चिमणशेठने "आ शुं कर्युं" एवढं म्हटलं आणि खाली बसला. पडद्यावर नखाएवढी चंद्रकोर. मयूरी धावत आली, ओढणीने पुसलं, पुन्हा पुसलं, जाईना. अमृत स्वतःच्या अंगठ्याकडे असा बघत होता, की तो दुसऱ्या कुणाचा असावा. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. त्याला पोरीकडे बघवेना, शेठकडे बघवेना, माझ्याकडे बघावं तर मी हसू दाबत होतो. शेवटी तो पुढे वाकला, त्या चंद्रकोरीतून आत काय दिसतंय ते नीट निरखून बघितलं... सवय हो, सवय... आणि घसा साफ करून म्हणाला,

"तयार आहे. उतरवा."

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? छे! हो म्हटल्यावर दुसऱ्याच क्षणी त्याने घासाघीस सुरू केली. डागी माल आहे, भाव कमी कर. चिमणशेठ म्हणाला, अमृतभाई, डाग पाडला कोणी? त्यावर अमृत काय म्हणाला असेल? म्हणाला, चिकूला पण नख मीच मारतो, तरी व्यापारी त्या फळाचे पैसे माझेच कापतो की नाही? मग आज व्यापारी तू नाहीस, मी आहे! अर्धा तास हे चाललं. पैसा कमी झाला नाही, एक बॅग फुकट मिळाली, एक माउस मिळाला, आणि पुन्हा दुकानात येताना हात खिशात ठेवायची ताकीद मिळाली. रिक्षात मयूरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने बापाचा तो उजवा हात उचलून आपल्या हातात धरला. मला वाटलं प्रेमाने. असेलही प्रेमाने, पण बॅगेची चेन उघडी होती हेही मी बघितलं.

मग पुढे? बोरिवली राहिली. दिपकने काम परत दिलं, त्या लग्नसराईत तलासरीपासून इकडे जेवढी लग्नं झाली त्यातले निम्मे अल्बम मयूरीनेच केले, रंग एकदम जसेच्या तसे. इतके जसेच्या तसे, की आता नव्या तक्रारी! आमची नवरी एवढी सावळी कशी आली? अहो, आहे! नवरदेवाच्या डोळ्यांखाली काळं का दिसतंय? अहो, आहे! आता तिला खरे रंग बघून मग खोटे भरावे लागतात. अमृत दारातूनच म्हणतो, बघ, मी सांगत होतो ना, लोकांना साधा पडदाच पुरतो... दिसायला दोन्हीत दिसतंच की.

दारातूनच म्हणतो, कारण आत प्रवेश नाही. हिरकणीने मयूरीच्या खोलीबाहेर खिळ्याला नेलकटर टांगलंय. आधी नख, मग उंबरठा. आणि मयूरीने काय केलंय माहीत आहे? लॅपटॉप उघडला की समोर येतो एका चिकूचा फोटो, आपल्याच वाडीतला, देठासकट, आणि असा बरोबर बसवलाय की बापाच्या नखाची ती चंद्रकोर नेमकी त्या चिकूच्या सालीवर येते. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अमृतने दारातूनच मान लांब केली. मग म्हणाला, हा विहिरीजवळच्या झाडाचा आहे. मयूरी म्हणाली, कशावरून? म्हणाला, रंगावरून. आणि एवढं बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो!

परवा माझ्याच मुलाला लॅपटॉप घ्यायचा होता, म्हणून मी त्याला नेलं अमृतकडे, म्हटलं अनुभवी माणूस आहे. विचारलं, अमृत, खरं सांग, त्या भारीवाल्या पडद्याचे वीस हजार वसूल झाले का? त्याने नेलकटर खिळ्यावरून काढलं, शिस्तीत अंगठ्याचं नख कापलं, आम्हाला घेऊन मयूरीच्या खोलीत शिरला, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि हनुवटीनेच त्या चंद्रकोरीकडे दाखवलं.

"बघ," तो म्हणाला. "किती स्पष्ट दिसतंय. साध्यात हे असं दिसलंच नसतं."