गळ्यातला टेप

यशस्विनी : म्हणजे तुम्ही घरात आलात तेव्हा टेप गळ्यातच होता?

येसाजीराव : गळ्यातच. सकाळी अकराला दुकानात फोन आला, शेजारच्या वेदवतीबाईंचा. म्हणाल्या, येसाजीराव, अंबुबाई उठत नाहीत, लगेच या. मी एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होतो. तसाच निघालो. देवराज मोहल्ल्यातून इथं विजयनगरला यायला रिक्षाला अर्धा तास लागला. तोवर तिला जमिनीवर घेतलं होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा टेप गळ्यात घालून घरात शिरलो बघ. कुणी काढा म्हणालं नाही. म्हणणारीच गेली होती.

यशस्विनी : आणि अप्पा? मी त्या दिवशी बंगळुरूला होते. संध्याकाळी पोचले तर ते आपल्या घरी, अंगणात नुसते उभे. काही सांगत नाहीत.

येसाजीराव : तुझा बाप काय सांगणार? हिनकल ते विजयनगर दहा मिनिटं. सख्खी बहीण गेली आणि भुजंगराव आला दोन वाजता. हातात पिशवी. पिशवीत माहेरची साडी.

यशस्विनी : साडी आणायलाच गेले असतील.

येसाजीराव : गेला असेल. सवाष्ण गेली, माहेरची साडी लागतेच. पण दारात उभा राहिला तो उभाच. आत येईना. डोळ्यांत टिपूस नाही. बहिणीच्या तोंडाकडे बघेना. मला विचारतो, कधी नेणार? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दगडाच्या हातची साडी माझ्या बायकोच्या अंगावर नको. घेऊन जा. त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. 

यशस्विनी : आतोबा, उद्या तेरावं. अप्पांना बोलवा.

येसाजीराव : नाही.

यशस्विनी : पंगतीला माहेरचं माणूस नको?

येसाजीराव : तू आहेस की. त्याच्यापेक्षा तू बरी. तू रडलीस तरी.

यशस्विनी : अय्यो, रडण्यावर हजेरी लावता का तुम्ही? बरं, एक सांगा. दारात उभे होते तेव्हा अप्पा बघत कुठे होते?

येसाजीराव : कुठे म्हणजे? माझ्याकडे.

यशस्विनी : तोंडाकडे?

येसाजीराव : नाही... जरा खाली. इथं. गळ्याकडे.

यशस्विनी : हं. आत्या तुम्हाला घरात टेप का आणू द्यायची नाही?

येसाजीराव : लाज. लग्नानंतर तिसऱ्या दिवशीच म्हणाली, एवढं दुकानात ठेवून येत जा. तिचं घराणं महाराजांच्या फौजेतल्या शिपायांचं, आणि नवरा मिळाला शिंपी. वाटलं असेल कमीपणा. मी कधी विचारलं नाही. ठेवून येत गेलो.

यशस्विनी : बेचाळीस वर्षं तुम्ही हेच धरून बसलात?

येसाजीराव : दुसरं काय असणार?

यशस्विनी : खंडोजीराव आठवतात?

येसाजीराव : तिचे आणि तुझ्या बापाचे चुलते ना? न आठवायला काय झालं! आईबाप गेल्यावर त्यांनीच दोघांना सांभाळलं. कन्यादान त्यांचंच. टांगा होता. घोड्याला कधी चाबूक लावला नाही म्हणून अख्खा मोहल्ला नाव घ्यायचा.

यशस्विनी : घोड्याला नाही लावला. संध्याकाळी टांगा सोडला की घोड्याचा चामडी पट्टा गळ्यात टाकून घरी यायचे. असा, दोन्हीकडे लोंबता. मग तो गळ्यातून काढायचे. आत्या सात वर्षांची, अप्पा पाच.

येसाजीराव : ...तुला कोण म्हणालं?

यशस्विनी : आत्याच. गेल्या दसऱ्याला. मी लॅपटॉपवर माझ्या कामाची चित्रं दाखवत होते. तुम्ही दुकानात होता. दसऱ्याची गर्दी.

येसाजीराव : आणि मला नाही सांगितलं?

यशस्विनी : म्हणाली, त्यांना बोलू नको. ते रडत बसतील आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज वेळेवर होणार नाहीत.

येसाजीराव : हे तिचंच बोलणं. तिचंच. ...काय चित्रं होती?

यशस्विनी : मेंदूची. आमच्याकडे मुलांना मशीनमध्ये झोपवून काढतात. मेंदूत आतल्या बाजूला एक घडी असते, बाहेरून दिसत नाही. छाती धडधडली, पोटात गोळा आला, तर ते आपल्याला जाणवतं त्यात तिचा मोठा हात असतो. मराठीत तिला काय म्हणतात मला गोत्तिल्ला.

येसाजीराव : मलाही माहीत नाही. घडी म्हण. घडी मला कळते.

यशस्विनी : लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, भयंकर काही बघितलं आणि ते ज्यांच्या मनातून जात नाही, अशा मुलांची चित्रं काही लोकांनी तपासली. ज्यांना असं काही झालं नाही, त्यांच्याशी ताडून बघितली. मुलींमध्ये त्या घडीचा एक भाग लहान निघाला. जणू त्याचं वय लवकर झालं. आणि मुलग्यांमध्ये तोच भाग मोठा.

येसाजीराव : मार एकच?

यशस्विनी : तशाच त्रासातली मुलं. तरी उलटं.

येसाजीराव : म्हणजे पट्टा लागतो पाठीवर, आणि आत, एवढ्या आत, ते घडीला कळतं?

यशस्विनी : मेंदू वाढत असतो ना तेव्हा. वाढता वाढता, घरात जे चालतं त्याप्रमाणे तो घडतो.

येसाजीराव : देवा. अंगात वाढ चालू असताना आतून कुणीतरी बेतत असतं. आणि आम्ही म्हणतो, मुलं आहेत, विसरतील.

यशस्विनी : पण ऐका, हे सरासरीचं बोलणं. सगळ्यांचं तसं होत नाही. दुसऱ्या तपासण्यांमध्ये वेगळंही दिसलंय. आत्याचं, अप्पांचं डोकं मी बघितलेलं नाही. अप्पा असे का आहेत, हे चित्र बघून कुणी सांगू शकणार नाही. मी आत्यालाही हेच सांगितलं.

येसाजीराव : ती काय म्हणाली?

यशस्विनी : चित्रावर बोट ठेवून विचारलं, केवढी असते ही घडी? मी म्हटलं, दोन-तीन बोटं. मग वितीनं स्क्रीन मोजली आणि हसली. एवढ्याशा जागेत आमचे खंडूकाका बसले होय, म्हणाली.

येसाजीराव : वितीनं. हो. माझी हूक-काजं तीच करायची घरी. कात्री चालायची, सुई चालायची. टेप नाही. सगळं वितीनं आणि बोटांनी. चाळीस वर्षांत अर्धा इंच चुकली नाही. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो, बायकोच्या हातात माप आहे. ...यशू, ते कौतुक नव्हतं गं करायचं.

यशस्विनी : का नाही? होतंच की कौतुकाचं. टेपाशिवाय शिंप्याचा संसार केला तिनं.

येसाजीराव : आणि तुझा बाप? तुला कधी मारलं त्यानं?

यशस्विनी : एकदाही नाही. राग आला की बाहेर जायचे आणि हुणसूर रस्त्यानं चालत सुटायचे. दोन-दोन तास. पाय सुजवून परत यायचे. मारलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही कधी. लहानपणी मला वाटायचं, मी आवडत नाही.

येसाजीराव : दोन तास चालायचा?

यशस्विनी : पावसातसुद्धा.

येसाजीराव : आणि मी त्याला दगड म्हणालो. साठी उलटलेला माणूस माझ्या दारात पाच वर्षांचा होऊन उभा होता, आणि मी त्याला टेप घालून दाखवत होतो.

यशस्विनी : तुम्हाला माहीत नव्हतं.

येसाजीराव : बघता तर येत होतं. माणूस बघून कापड सांगतो मी. घरातलीच दोन माणसं नाही दिसली.

यशस्विनी : सुम्ने, उगाच स्वतःला मारू नका आता. मारायचं खूप झालं या घराण्यात.

(येसाजीराव कपाटातून पिशवी काढतात. साडी हिरवी आहे, घडी न मोडलेली.)

येसाजीराव : बघ, काठ बघ. चांगली निवडलीय. तिला असाच बारीक काठ आवडायचा. त्याला आठवत होतं.

यशस्विनी : आतोबा, एक चूक झालीय माझी. अप्पा रोज सकाळी एकच विचारतात. साडी नेसवली ना? मी हो म्हणते. आजही म्हटलं.

येसाजीराव : रोज विचारतो?

यशस्विनी : बारा दिवस. दुसरं काही बोलतच नाहीत.

येसाजीराव : चल. चप्पल घाल. हिनकलला जाऊ. तेराव्याचं बोलावणं फोनवर करत नाहीत, मेव्हण्याला तर नाहीच.

यशस्विनी : टेप?

येसाजीराव : खिळ्यावर टांगलाय, राहू दे. उद्या सकाळी दुकानात जाईल तो, आणि तिथंच राहील.

यशस्विनी : आणि साडीचं मी काय सांगू त्यांना?

येसाजीराव : तू काही सांगू नको. पिशवी मी घेतो, मीच सांगतो. माझ्यामुळे नेसवायची राहिली.