बुढीचा हात आन् कूलर

दरवेळी हा किस्सा मलेच काहून सांगाले लावता? बरं, ऐका.

मी वायरमनकी करत होतो, तवाची गोष्ट. हिवरखेडच्या प्रकाशनं बोलावलं. "काका, शॉकपासून वाचवाचा तो स्विच सारखा पडते. यंदा कापूस गेला, नवा कुठून आणू? काढून टाका, लाइन डायरेक्ट करा."

"पडते कवा?"

"मायनं कूलरमंदी पाणी टाकलं का. तिचा हातच तसा हाय. आमी टाकतो तवा नाही पडत."

त्याची बुढी माय मान खाली घालून बसली होती. पायात चप्पल नव्हती.

"तुमी पाणी कसं टाकता?"

"चप्पल घालून. कूलरले हात लावला का झिणझिण्या येतात नं!"

"अरे भैताडा, मंग खराब कूलर हाय का स्विच? तो काढला तं माय जाईन तुही!"

"म्हाताऱ्या, तुले काही येत नाही," म्हणून तो अंगावर आला. मी मेन बंद करून कूलर उघडला. पंपाची सोललेली वायर पत्र्याले चिकटली होती.

बुढीनं हळूच इचारलं, "म्हंजे माह्या हातात खोट नाही नं, भाऊ?"

प्रकाश रडत तिच्या पाया पडला. तिची माफी त्यानं तवाच मागितली. माही मात्र त्यानं अजून मागितली नाही.