शिंप्याचं स्वतःचं माप

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बटणं लावत बसल्या होत्या. त्यांचे शिंपी यजमान तपासून घेऊन बाहेर आले.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“मणक्यात जादा हाड वाढतंय. लाखात एखाद्यालाच होतं म्हणे.”

“चारचौघांत उठून दिसायची हौस होतीच तुम्हाला!”

“थट्टा सुचतेय तुला. त्या हाडाने नस दाबलीय, म्हणून मशीन चालवताना कमरेपासून टाचेपर्यंत करंट बसतो. वर टेप लावून म्हणाले, तुम्ही पुढे तीन बोटं वाकलात.”

“मग?”

“भांडलो मी! म्हटलं, वीस वर्षांपूर्वीच्या मापाने आजही माझे सदरे बेततो. पुढून तसूभर लोंबत नाहीत. तुमचीच टेप तपासा!”

“अगंबाई! अहो, ते सदरे तुरपतं कोण?”

“तू.”

“तीन वर्षं पुढून दुमडतेय मी. आधी एक बोट, मग दोन, आता तीन.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“बोलले होते. ‘चाळीस वर्षं कात्री धरतोय, मला माप शिकवतेस?’ असं म्हणालात.”

“म्हणालो असेन. आता ऑपरेशनने पाठ सरळ करू म्हणतात. भीती वाटते गं.”

“वाटू दे. मी आहे ना.”

“आणि झालो सरळ, तर सगळे सदरे आखूड पडणार.”

“पडतील कसे? एकाचंही कापड कापलेलं नाही मी. सगळं आत दुमडून ठेवलंय. तुम्ही फक्त ताठ उभे राहा, एका दुपारी उसवून देते.”