सेमाडोहच्या मचाणाचा उतार

सेमाडोहच्या मचाणाचं सांगते, ऐका बायांनो. पाय गेल्यापासून चाकाची खुर्ची हेच माझे पाय. शिडीपाशी गार्ड म्हणाला, "आजी, झोळीत घालून वर नेतो."

"झोळीत बिमाराले नेतात दवाखान्यात. मी जंगल पाह्याले आली. खुर्चीसाठी उतार बांधा, मंग येतो."

तशीच अमरावतीला परतले. शाळा पाहिली नाही, तरी गार्डाच्या साहेबाला वर्षभर दुसऱ्यांकडून पत्रं लिहवून धाडली. शेवटी गार्डाचाच फोन आला, "आजी, उतार झाला, या."

लांबलचक उतार. चाकं माझ्याच हातानं फिरवत वर गेले. खाली धुक्यात साग तरंगत होते. नदी कुठली, ढग कुठला, कळेना. किती वेळ बसले, देव जाणे.

गार्डानं हळूच विचारलं, "वाघ दिसला काय, आजी?"

"वाघ राहू दे रे बाप्पा. आज मले कोणी उचललं नाई, थे पाह्यलं काय तू?"